रिकाम्या जहाजातला हुंकार

सुमनमावशींच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सकाळी लवकर होऊन जायच्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे वाचनाचे दिवस. त्या दिवशी ऊन अंगणात उतरायच्या आत भात, वरण, भाजी सगळं करून झाकून ठेवायचं, भांडी घासून फडक्यावर उपडी घालायची, एकमेकांना लागणार नाहीत अशी, फ्रिजचं बटण बंद करायचं, मोरीतला नळ घट्ट पिळायचा आणि तरीही त्याच्याखाली एक ओलं फडकं ठेवायचं, कारण तो नळ कितीही पिळला तरी एखादा थेंब सोडायचाच. मऊ भात दोघींनी पोटभर खायचा. उपाशी पोट बोलतं, आणि माइकला ते माणसाच्या आधी ऐकू येतं. दही नाही, तळलेलं नाही, चिवड्याचं तर नावच काढायचं नाही. मावशी सफरचंदाची एक फोड सावकाश चावून खायच्या. त्यानं तोंडाचा चिकटपणा जातो. मग ज्येष्ठमधाचं कोमट पाणी. मग आम्ही दोघी कोठीत शिरून दार लावून घ्यायचो.

कोठी म्हणजे सामानाची खोली. लोणावळ्यात भांगरवाडीला मावशींचं छोटंसं घर होतं, आणि त्यातली ही सगळ्यांत आतली, बिनखिडकीची खोली. तिच्या चारही भिंतींना मावशींनी गोधड्या ठोकल्या होत्या. त्यांच्या आईनं सोमाटण्याला शिवलेल्या, लुगड्यांच्या, विटक्या लाल आणि हिरव्या. आत शिरलं की आपला आवाज तोंडातून निघाल्याबरोबर कोणीतरी पदरात घेतल्यासारखा व्हायचा. मला पहिले काही दिवस तिथे गुदमरायला झालं. एक टेबल, एक दिवा, खालून वर आलेला माइक, मावशींची खुर्ची आणि तिच्यासमोर माझ्यासाठी एक बुटकं स्टूल. माझं काम त्या स्टुलावर बसून ऐकायचं. घरातली बाकीची कामं होतीच, पण मला ठेवून घेतलं होतं ते मुख्य या कामासाठी.

हे काम ऐकून लोक आजही हसतात. पण मावशींना रिकाम्या खोलीत वाचता येत नसे. त्या सोमाटण्याच्या. त्यांच्या आईवडिलांनी धम्म घेतला तेव्हा त्या अगदी लहान होत्या, आणि पुढे पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला की वस्तीतल्या विहारात रोज ग्रंथवाचन व्हायचं. मोठ्यांना वाचता येत नव्हतं म्हणून शाळेत जाणाऱ्या सुमनला पुढे बसवायचे आणि सगळी वस्ती दिवसभराचं काम आटपून समोर येऊन बसायची. ती सवय. पुढे आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटरचं काम केलं, तिथेही वायरच्या दुसऱ्या टोकाला कोणी ना कोणी असायचंच. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं त्यांचा आवाज ऐकून पुस्तकं वाचायला दिली, लोकांनी फोनवर ऐकायची पुस्तकं, तेव्हा त्या पहिल्या दिवशी कोठीत एकट्या बसल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. "समोर माणूस असलं की शब्दाला जायला वाट असते," त्या म्हणायच्या. "भिंतीला काय वाचून दाखवायचं?"

मी कुठली कुठे. आमचं गाव पुसदच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. आई गेली तेव्हा मी आठवीत होते. घरात बाबा, धाकटा भाऊ गोलू आणि चूल. चुलीला माणूस लागतं, म्हणून शाळा सुटली. कोणी सोडवली असं नाही. एका सोमवारी मी गेले नाही आणि मग गेलेच नाही. पुढे गोलू हाताशी आला, शेतात फार काही राहिलं नाही, तेव्हा मामा मला इकडे घेऊन आला. तो लोणावळ्यात बंगल्यांची रंगाची कामं करायचा आणि त्यानंच मावशींचं घर रंगवलं होतं. "मावशी भली बाई हाय, तुले पोरीसारखं ठेवीन," एवढंच त्यानं सांगितलं. ते खरं निघालं. त्या घरात मला पहिल्यांदा माझी स्वतःची उशी मिळाली. पण मी भित्री. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच यायचा की आज माझ्या हातून काय बिघडेल आणि मला परत धाडतील.

आणखी एक भीती होती, ती मी मावशींना सांगितली तेव्हा त्या हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आणि इथे आम्ही भर उन्हात गोष्ट वाचत बसायचो. त्यामुळे वाचनाच्या दिवशी संध्याकाळी मी मामाला फोन करायचे. "घरी पोचला ना?" मामा म्हणायचा, "अवं, मी बंगल्यावरच रायतो, कुठं पोचू?" मावशी बाजूला बसून डोळे पुसेपर्यंत हसायच्या आणि तरी दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारायच्या, "मामा लागला का वाटेला?"

शनिवार-रविवारी वाचन जमायचंच नाही. आजूबाजूचे बंगले भाड्यानं जायचे, मुंबई-पुण्याची पोरं यायची, स्पीकर लावायची, आणि गोधड्यांतूनसुद्धा धडधड आत यायची. रेल्वेचं मात्र मावशींना काही वाटायचं नाही. घाट चढून आलेल्या गाडीचा भोंगा वाजला की त्या बोट वर करून थांबायच्या, गाडी जाऊ द्यायच्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या, जराही न चिडता.

मी गेले त्या वर्षी 'दूरगामी'ची पुस्तकं चालू होती. ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दूरगामी हे जहाज, पृथ्वीवरून निघालेलं आणि कधीच परत न येणारं. त्यात माणसं जन्मतात, म्हातारी होतात, भांडतात. नीरा नावाची एक मुलगी जहाजाची यंत्रं सांभाळते. टीव्हीवरच्या मालिकेत शेवटी शेवटी ती जहाजाचं एक दार दुरुस्त करायला बाहेर जाते आणि दार मागून बंद होतं. ती काचेतून आत बघत लांब लांब जाते, आणि कप्तानाला काही करता येत नाही. तिथे मालिका संपली. लोक हळहळले. मग त्या मालिकेवरून कादंबऱ्या निघाल्या, मालिकेत जे दाखवलं नाही ते सांगणाऱ्या, आणि मग त्या कादंबऱ्या मावशींच्या आवाजात आल्या. या सगळ्याच्या चाहत्यांचं एक वेगळंच जग होतं. ॲपवर खाली मतं लिहायची सोय होती. मावशींना बारीक अक्षर दिसत नसे म्हणून संध्याकाळी चहाबरोबर मी ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. आठवीपर्यंतच शिकलेल्या मला वाचनाचा सराव झाला तो या लोकांच्या भांडणांवर. त्यांचे तीन पक्ष होते. टीव्हीवाले म्हणायचे, पडद्यावर घडलं तेवढंच खरं, कादंबऱ्या म्हणजे मागून जोडलेलं ठिगळ. कादंबरीवाले म्हणायचे, टीव्हीनं नीराला माणूस म्हणून दाखवलंच नाही, ती कळते ती पुस्तकात. आणि कानवाले. कानवाले कोणाशी फारसं भांडायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मावशींनी वाचलं नाही तोवर ते घडलेलंच नाही.

आता ती गोष्ट सांगते. तिसऱ्या पुस्तकात एक प्रकरण आहे. जहाजाचा मागचा भाग बंद करून टाकलेला असतो, तिथली हवा जुनी झालेली, दिवे गेलेले. पूर्वी नीरा तिथे काम करायची. कप्तान एकटा त्या भागात जातो. नुसता चालतो, भिंतीला हात लावत. आणि मग हाक मारतो, "कोणी आहे का इथे?" पुढचं वाक्य आहे, 'उत्तर आलं नाही.'

मावशींनी ते पान असं वाचलं की मी स्टुलावर आहे हे मी विसरले. कोठीतला दिवा, गोधड्या, सगळं गेलं. मी आमच्या घरात होते. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हूं' म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की समोरचा जागा आहे. मी शाळेतला धडा मोठ्यानं वाचायचे आणि आई भाकरी थापता थापता हुंकार द्यायची, तिला धड्यातलं काही कळो न कळो. ती म्हणायची, "हुंकार थांबला की वाचू नको, बाई. आयकणारं झोपलं, अन् तू सांगतच रायली, तर हुंकार द्याले दुसरं कोनी येऊन बसते." कप्तानानं हाक मारली, मावशी श्वासासाठी थांबल्या, आणि माझ्या गळ्यातून आपोआप आलं, हूं. अगदी हलकं. मावशींनी पानावरून डोळे काढले नाहीत. "उत्तर आलं नाही," त्यांनी वाचलं आणि पुढे गेल्या.

आवाज साफ करायचं काम अनिकेतकडे होतं, कंपनीचा मुलगा, पुण्याहून यायचा. त्याला वाटलं मावशींनी मुद्दाम घेतलंय, म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं. मावशी स्वतःचं वाचलेलं कधी ऐकत नसत. ते प्रकरण लोकांपर्यंत गेलं आणि संध्याकाळच्या चहाला मी फोन उघडला तर मतांचा नुसता पूर आलेला. 'अंगावर काटा आला.' 'हेडफोन काढून खोलीत बघितलं मी.' 'नीरा जिवंत आहे, मावशींनी सांगून टाकलं.' 'जिवंत कशी असेल, ते जिवंत माणसाचं हूं नाहीच.' वाचता वाचता मी अडखळले आणि डोळे पुसले. मावशींनी कप खाली ठेवला.

"तूच ना ती?"

"होय, मावशी. चुकून झालं."

"मला वाटलं पोटात गुरगुरलं तुझ्या." त्या हसायला लागल्या. "अगं, मग रडतेस काय? भूत झालीस तू. भुताला पगार जास्त असतो, माग की!"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना कानाला लावून मी ते पहिल्यांदा ऐकलं. आपला आवाज आपल्याला कधी ओळखू येत नाही म्हणतात. मला तो ओळखू आला. तो माझा नव्हताच. घोगरा, नाकातून आलेला, शेवटी जरासा वर उचललेला. भाकरी परतताना तोंड वळवून दिलेला. आई गेल्यावर आमच्याकडे तिचा एक फोटो राहिला होता, तोही रेशनकार्डासाठी काढलेला, घाबरलेला. आवाज कुठेच नव्हता. मी ओला टॉवेल हातात धरून ते तेवढंच परत परत लावलं. कोणी आहे का इथे? हूं. कोणी आहे का इथे? हूं. त्या दिवसापासून मी कोठीत शिरताना दाराशी क्षणभर थांबायचे. स्टुलावर आधीच कोणी बसलेलं नाही ना, हे बघून मगच आत जायचे.

पुढच्या रविवारी मी लोहगडवाडीला होते. मावशी सुटीच्या दिवशी सोमाटण्याला बहिणीकडे जायच्या आणि मला एकटीला घरात ठेवायला नको म्हणून हिराबाईंबरोबर धाडायच्या. हिराबाई आमच्याकडे भाजी घेऊन यायच्या. लोहगडाच्या पायथ्याला त्यांचं पिठलं-भाकरीचं दुकान, पत्र्याचं, पुढे दोन बाकडी. त्या दिवशी गड उतरून पाच-सहा जणांचा घोळका आला. एकाच्या बनियनवर दूरगामीचं चित्र होतं. मी पिठलं वाढता वाढता कान दिले.

"नीरा मेली," चष्मा लावलेला मुलगा म्हणत होता. त्याला सगळे ओंकार म्हणत होते. "टीव्हीवर मेली, आपण रडलो, विषय संपला."

"तू रडलास?"

"डोळ्यात कचरा गेला होता."

"अंतराळात कचरा!" सगळे हसले.

"हसा. पण ते हूं पुस्तकात आहे का? पान काढून दाखवा. नाही ना? मग ती चूक आहे. रेकॉर्डिंगची चूक. त्यावर तुम्ही नवीन धर्म काढलाय."

त्याच्या शेजारी बसलेली मीनल नावाची मुलगी भाकरी मोडायची थांबली. "पुस्तकात नाही म्हणूनच ते खरं वाटतं. मी स्वयंपाक करताना रोज मावशींना ऐकते, ओंकार. मावशींचा श्वाससुद्धा मला माहितीय. ते मावशी नाहीत. तिथे दुसरं माणूस आहे."

चुलीपुढून हिराबाई ओरडल्या, "कोन मेलंय म्हनं?"

"नीरा, काकू. जहाजातली."

"पान्यात पडली व्हय?"

"नाही, आभाळात."

"आरं देवा! आभाळात पडायला जागा तरी कुटं हाय?" हिराबाईंनी भाकरी उलथली. "मंग आता काय म्हनती?"

"हाक मारली तर हूं म्हणते."

हिराबाईंनी उलथणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मेलेल्याला हाक मारू न्हाई, बाबांनो. आन् मारलीच तर उत्तराला थांबू न्हाई. आमी न्हाई थांबत."

ओंकार मात्र मनापासून बोलत होता, हे मला तेव्हाही कळलं. "मी कंपनीला कळवणार आहे," तो म्हणाला. "सगळ्यांत चांगलं प्रकरण आहे ते. 'उत्तर आलं नाही' या वाक्यावर सगळं उभं आहे. उत्तर आलं तर कप्तानाचं दुःख खोटं पडतं. मला ते स्वच्छ हवंय."

मीनलनं माझ्याकडे बघितलं. "ताई, तू ऐकलंयस का गं?"

"हो."

"मग सांग ना. आहे ना तिथे कोणीतरी?"

माझ्या हातात ठेच्याची वाटी होती. "आहे," मी म्हणाले. मीनलनं दंड चोळले आणि ओंकार म्हणाला, "घ्या, अजून एक कानवाली."

त्याच आठवड्यात घरून फोन आला. गोलूला मीच ॲप घालायला सांगितलं होतं, मावशींचा आवाज ऐक म्हणून. त्यानं ते अंगणात मोठ्यानं लावलं. बाबा दोर वळत बसले होते. गोलू सांगत होता की ते हूं आलं आणि बाबा उठून घरात गेले, चुलीपाशी बघून आले, मग येऊन म्हणाले, पुन्हा लाव. मग त्यांनी फोन मागितला. आई गेल्यापासून बाबांच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नव्हतं. तिच्याविषयी काही निघालं की ते गोठ्याकडे जायचे.

"वैशू," ते म्हणाले. "तुह्या मायले कवा नेलं तिकडं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरी हाय ना ते?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. काय म्हणायचं होतं मी? त्या दिवसापासून माझी रात्रीची झोप आणि दिवसाची भूक गेली. आईला हाक मारून मीच उठवलं आणि एका रिकाम्या जहाजात बसवून ठेवलं, असं वाटायचं. आणि तरीही तिनं तिथून जाऊ नये, असंच वाटायचं.

मग अनिकेत आला. पाठीवरची बॅग उतरवायच्या आतच त्यानं सांगून टाकलं. "मावशी, तक्रारी आल्यात. तारीफही आलीय, पण तक्रारी नीट लिहिलेल्या आहेत. वरून ठरलंय, तो आवाज काढायचा. नुसतं कापून बघितलं, पण वाक्याला झटका बसतो. ते पान परत वाचावं लागेल. नवीन चढवलं की लोकांच्या फोनवरचं जुनं आपोआप जाईल."

"सगळ्यांच्या?" मी विचारलं. अनिकेतसमोर मी कधी बोलत नसे.

"सगळ्यांच्या."

तो चहा घेऊन बाहेर फोनवर बोलायला गेला तेव्हा मी मावशींपुढे खाली बसले आणि सगळं सांगितलं. आईचं, भाकरीचं, बाबांचं. ते काढू नका, म्हणाले. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं ते पहिलंच. मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं त्या हो म्हणणार.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ते पुस्तक लोकांचं आहे. त्या कप्तानाचं माणूस गेलंय. त्याला उत्तर आलं नाही, हे मला लोकांना वाचून दाखवायचंय. त्याच्या तोंडावर आपण आपलं माणूस कसं बसवायचं?"

मला राग आला होता, आणि ज्यांच्या घरची उशी आपल्या डोक्याखाली आहे त्यांचा राग येतो याची लाजही वाटत होती.

"मी बाहेर बसते," मी म्हणाले.

"बाहेर कशी? समोर तूच बसायचं. तुझ्याशिवाय मला ते वाचता यायचं नाही." मग त्या म्हणाल्या, "फक्त हुंकार द्यायचा नाही. जमेल?"

भात खाल्ला, सफरचंद खाल्लं, फ्रिज बंद केला. अनिकेत बाहेरच्या खोलीत कानाला लावून बसला. कोठीचं दार लागलं. मावशी पान वाचायला लागल्या आणि मी ओढणीचं टोक दातांत धरलं. कप्तान चालत होता, भिंतीला हात लावत. मला पुढचा शब्दन् शब्द पाठ होता. "कोणी आहे का इथे?" मावशींनी वाचलं आणि त्या थांबल्या.

पहिल्या वेळी त्या श्वासापुरत्या थांबल्या होत्या. या वेळी त्या थांबूनच राहिल्या. गोधड्यांच्या त्या शांततेत माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. हुंकार घशापर्यंत आला आणि मी तो गिळला. मावशींनी पानावरून डोळे उचलले. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा मागे, गोधडीकडे बघितलं, कोणी बोलत असलं की आपण बघतो तसं. मग खाली बघून त्यांनी वाचलं, "उत्तर आलं नाही."

बाहेर आल्यावर अनिकेत म्हणाला, "मावशी, जागा फार मोठी राहिलीय. थोडी कमी करू?"

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. एवढ्या कडक आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुम्ही मागे काय बघत होता?" त्यांनी नळाखालचं फडकं उचलून पिळलं. "काही नाही," म्हणाल्या. "चहा टाक."

मावशी आता नाहीत. त्यांनी वाचलेलं सगळं अजून आहे. माझी लेक कधी कधी त्यांच्याच आवाजावर झोपते, बेगडेवाडीच्या आमच्या खोलीत, आणि मी दिवा मालवताना मला वाटतं मावशी इथेच कुठेतरी बोट वर करून गाडी जायची वाट बघतायत. मी शाळेत परत गेले नाही. इथल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. पण आज ज्या काही चार ओळी लिहायला बसले आहे, ते त्या स्टुलावर बसले म्हणून. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं नाही, याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे. हे कळायला वेळ लागला.

तर, तेव्हा नवीन प्रकरण चढलं आणि जुनं सगळ्यांच्या फोनवरून गेलं. मला वाटलं होतं भांडण मिटेल. उलट वाढलं. 'काढून टाकलं, विश्वासघात केला,' मीनलच्या बाजूचे लोक लिहीत होते. मग एकानं लिहिलं, 'काढलेलं नाही, नीट ऐका, त्या शांततेत आहे, आता जास्त स्पष्ट आहे.' त्याच्याखाली माणसं येतच राहिली. कोणाला तिथे हूं ऐकू येत होतं, कोणाला नुसता श्वास, एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या गेलेल्या मुलाची चप्पल ओढत चालायची सवय ऐकू येते. ओंकारनंही लिहिलं. ते मी ओळखलं, कारण त्यानं आपलं नाव लिहिलं होतं. 'तक्रार मीच केली होती. तिथे काहीही नाही, मी तपासून बघितलंय. पण मी आता ते प्रकरण एकट्यानं ऐकत नाही.'

गोलूचा फोन आला. "ताई, ते गेलं ना वं. बाबा सकाळपासून जेवले नाहीत."

"दे त्यांना," मी म्हणाले. मी गच्चीवर गेले. ऊन उतरलं होतं, खाली बाजारातून चिक्कीच्या गुळाचा वास येत होता. बाबा नुसते श्वास घेत होते.

"बाबा, ती आई नव्हती," मी सांगितलं. "मी होते. वाचताना माझ्या तोंडून आलं."

"ते मले ठाव हाय," बाबा म्हणाले. "मी का येडा हाव? तुह्या गयातून ते बोलली, म्हनून इचारलं." मग त्यांनी विचारलं, "आता तिथं कोनीच नाही म्हनते?"

"नाही. रिकामं आहे."

"तू वाचते ना आता चांगलं? गोलू सांगे."

"वाचते."

"मंग वाच. मी आयकतो."

छापलेलं पुस्तक मावशींच्या टेबलावर असायचं. मी ते खालून घेऊन आले, फोन स्पीकरवर करून कठड्यावर ठेवला आणि जहाज पृथ्वीवरून निघतं तिथपासून सुरुवात केली. थोडं वाचून झाल्यावर तिकडून हूं आलं. बाबांना सवय नव्हती. वाक्य अर्धं असतानाच द्यायचे, कधी दोन वाक्यं गेली तरी विसरायचे, मग एकदम दोनदा द्यायचे. मी हसू दाबून वाचत राहिले. पुढे ते रोजचंच झालं. संध्याकाळचा चहा झाला की मी गच्चीवर आणि बाबा अंगणात.

काही दिवसांनी बाबांचा हुंकार नीट जागेवर पडायला लागला. आणि तेव्हाच केव्हातरी मला जाणवलं, की त्यांच्या मागोमाग, अगदी जरासं उशिरा, आणखी एक हूं येतं. घोगरं, शेवटी वर उचललेलं. फोनवर कधी कधी असा घुमारा येतो. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या मावशींना विचारलं असतं तर त्यांनी कारण सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पान उलटलं, आणि दोघांनाही नीट ऐकू जाईल अशा बेतानं, जरा मोठ्यानं, पुढचं वाचायला लागले.